वेबसाईट वाचायची... कानांनी!

दोस्तांनो, एक कोडं घालू? डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, तरी रोज बातम्या वाचतो, पत्रं लिहितो, रेल्वेचं तिकीटही काढतो. असा माणूस कोण? छे, छे, जादूगार नव्हे! संगणक वापरणारा अंध माणूस. त्याच्या मदतीला असतो 'स्क्रीन रीडर' नावाचा प्रोग्रॅम. पडद्यावर जे लिहिलेलं असेल, ते हा गडी धडाधड वाचून दाखवतो. माऊसचं कामच नाही. की-बोर्डच्या कळा दाबत दाबत पानावर फिरायचं.

'एनव्हीडीए' हा असाच एक स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला. पुढे जेम्स टेह हा मित्र त्याला येऊन मिळाला. जेम्सही अंधच. लहानपणी एका संगीत शिबिरात दोघांची गट्टी जमली होती. विकतचे स्क्रीन रीडर तेव्हा इतके महाग असत, की खुद्द संगणक त्याहून स्वस्त पडावा! या दोघांनी मात्र आपला प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट देऊन टाकला. तो मराठीसुद्धा वाचतो, बरं का!

मग अडतं कुठे? अडतं ते वेबसाईट बनवणाऱ्यापाशी.

चला, आपणच एक पान बनवू. समजा, तुमच्या शाळेने (मग ती सेलूची असो, नाहीतर गंगाखेडची) परसबागेची वेबसाईट करायचं ठरवलं. परभणी जिल्ह्यातली शाळा म्हटल्यावर भेंडी हवीच! 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण परभणीच्या कृषी विद्यापीठातलाच. हळद्या रोगापुढे तग धरणारा म्हणून तो गाजला. तुम्ही त्याचा छानसा फोटो पानावर टाकला. पण कॅमेऱ्याने त्या फोटोला नाव दिलेलं असतं 'आयएमजी शून्य शून्य चार दोन' असलं काहीतरी. स्क्रीन रीडर बिचारा कधी कधी तेच वाचून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला काय कळणार, कपाळ?

फोटो टाकायच्या आज्ञेतच 'आल्ट' नावाची एक जागा असते. तिथे लिहिलेलं एरवी पडद्यावर दिसत नाही, पण ऐकू येतं. तिथे काय लिहाल? 'भेंडीचा फोटो'? ऊंहूं! हे चित्र आहे, एवढं स्क्रीन रीडर आपणहून सांगतो. 'परभणी क्रांतीचं झाड, त्याला लागलेल्या पाच कोवळ्या भेंड्या' असं लिहा. आणि चित्र म्हणजे नुसती शोभेची वेलबुट्टी असेल, तर ती जागा मुद्दाम रिकामी सोडायची. म्हणजे ऐकणाऱ्याचा वेळ जात नाही.

आता मथळे. आपण पानावरून झरकन नजर फिरवतो आणि हवा तो मथळा शोधतो. एनव्हीडीए वापरणारा वाचक 'एच' ही कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. पण पुष्कळ जण अक्षरं नुसती मोठी आणि ठळक करतात. संगणकाच्या लेखी तो मथळा नव्हेच! 'हा मथळा आहे' अशी खूण आज्ञेत करावी लागते.

मराठी पानांची तर आणखी एक गंमत आहे. खरं म्हणजे वैताग! युनिकोड रुळण्याआधीचे जुने फाँट पुष्कळ ठिकाणी वापरात राहिले. त्यातल्या 'कृतिदेव'मध्ये 'मराठी' हा शब्द संगणकाच्या पोटात कसा साठवलेला असतो, ठाऊक आहे? ई, जे, के, कॅपिटल बी, एच! फाँट त्या इंग्रजी अक्षरांना मराठी अक्षरांचा मुखवटा चढवतो. आपल्याला मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडर मात्र पोटातलं वाचतो. सगळा लेख अगम्य बडबड होऊन जातो. युनिकोडमध्ये 'म' म्हणजे 'म'च. म्हणून लिहायचं ते युनिकोडमध्येच. शिवाय पानाच्या सुरुवातीच्या आज्ञेत 'एम आर' ही दोन अक्षरं घालून भाषा मराठी असल्याचं सांगून ठेवायचं. शिक्का मारलेला कागद स्कॅन करून तसाच चिकटवला, तर तीही गत फोटोसारखीच. त्यात वाचण्याजोगं एकही अक्षर नसतं.

या सगळ्याचे जागतिक नियम १९९९ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाले आणि पुढे सुधारत गेले. ते काही फक्त अंधांसाठी नाहीत. अक्षर आणि पाठीमागचा रंग यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढा फरक हवा, असं त्यांत म्हटलंय. मोतीबिंदू झालेल्या आजीला आणि भर उन्हात बांधावर उभं राहून मोबाईल बघणाऱ्या काकांना पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरं कशी दिसायची? मराठीत ओळींमध्येही जरा ऐसपैस जागा सोडा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो!

परभणी जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ ज्या साच्यावर उभं आहे, त्याच्या इंग्रजी नावात तीन 'एस' आहेत. त्यातल्या तिसऱ्या 'एस'चा शब्द चक्क आपला आहे: सुगम्य!

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. काही ठिकाणी ऑनलाईन ओळख पटवताना मोबाईलसमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागे. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या एका तरुणीला ते शक्यच नव्हतं. ती आणि एक अंध वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की अशा डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आता तुमच्या पानाची परीक्षा. अँड्रॉइड मोबाईलमध्ये 'टॉकबॅक' नावाचा स्क्रीन रीडर बहुधा असतोच. तो सुरू केला, की फोनची चाल बदलते. एकदा टिचकी मारली की फोन नुसतं वाचतो, लागोपाठ दोनदा मारली की उघडतो. म्हणून घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या आणि तो बंद कसा करायचा हे आधी शिकून ठेवा. मग डोळे मिटून आपल्या भेंडीपर्यंत पोहोचता येतं का, ते बघा. 'तुमचं नाव' लिहायच्या चौकटीवर आलात, की कान टवकारा. फोन 'तुमचं नाव' म्हणाला, तर शाब्बास! नुसतंच 'एडिट बॉक्स' म्हणाला, तर त्या चौकटीला लेबल जोडायचं राहून गेलंय.