शांघायचे हॉटेल आणि पुण्याचे ससून

काही वर्षांपूर्वी एका वैद्यकीय परिषदेच्या निमित्ताने शांघाय येथे जाण्याचा योग आला. निवासाची व्यवस्था हुआंगपू नदीकाठच्या 'पीस हॉटेल' या प्रख्यात वास्तूत होती. हजीऱ्याच्या वसाहतीत राहून तापीच्या मुखाशी जहाजांची ये-जा नित्य पाहणाऱ्या मला खिडकीतून दिसणारी नदी आणि तिच्यातील मालवाहू बोटी मुळीच परक्या वाटल्या नाहीत.

हॉटेलचा थाट मात्र डोळे दिपवणारा! खाली अष्टकोनी दालन व त्यावर काचेचे छत, माथ्यावर तांब्याचे हिरवे, निमुळते शिखर. सकाळच्या न्याहारीस गरम सोयादूध आणि सारण भरून वाफवलेले पाव. रात्री वयोवृद्ध वादकांचे जॅझ संगीत. सेवकवर्गाची अदब तर अशी की, भाषेची अडचण जाणवूच नये.

दुसऱ्या दिवशी हॉटेलमधील छोटेखानी संग्रहालय पाहताना एका नावाशी पावले थबकली. सन १९२९ मध्ये 'कॅथे हॉटेल' या नावाने ही वास्तू उभारणारे गृहस्थ होते सर व्हिक्टर ससून. ससून! पुण्याच्या ज्या रुग्णालयात मी प्रथम रुग्णाची नाडी हाती धरली, त्याचेच हे नाव. व्हिक्टर यांचे पणजोबा डेव्हिड ससून बगदादहून मुंबईस आले, व्यापारात गडगंज झाले आणि १८६४ मध्ये पुण्यास निवर्तले. त्यांच्या देणगीतून साकारलेले ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले.

ही संपत्ती आली कोठून? कापूस, कापड आणि अफू यांच्या व्यापारातून. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. १८३९ ते १८४२ च्या पहिल्या अफूयुद्धात चीनचा पराभव झाला आणि नानकिंगच्या तहाने शांघायचे बंदर परकीय व्यापाऱ्यांना खुले झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची कथाही याहून निराळी नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांनी चीनच्या अनेक सफरी केल्या. त्यांच्याही वैभवात कापसाबरोबर अफूचा वाटा होता. ज्या रुग्णालयांत आपल्या पिढ्यान्‌पिढ्या वैद्यक शिकल्या, त्यांच्या पायात परक्या देशातील व्यसनाधीनांचा पैसा आहे, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. त्या रात्री मऊ बिछान्यावरही झोप लागेना.

याचा अर्थ त्या दात्यांचे ऋण नाकारावे असा नाही. तेथे बरे झालेले असंख्य गोरगरीब रुग्ण हेही तितकेच खरे आहेत. परंतु कृतज्ञता डोळस असावी, एवढेच.

मनाला आधार मिळाला तो आणखी एका आठवणीने. १४ ऑगस्ट १९३७ रोजी, जपानशी युद्ध पेटले असताना, याच हॉटेलच्या दारात बॉम्ब पडून मोठी प्राणहानी झाली. पुढच्याच वर्षी पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनच्या मदतीस गेले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस तेथेच राहिले, अविश्रांत शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या किनाऱ्यावरून अफूच्या पेट्या गेल्या, त्याच किनाऱ्यावरून पुढे डॉक्टरही गेले.

हजीऱ्यास परतून आता बराच काळ लोटला. आजही व्यसन सोडवण्यासाठी एखादा कामगार, सोबत काळजीने खचलेली पत्नी घेऊन, माझ्यासमोर येऊन बसतो, तेव्हा शांघायची ती खोली आठवते. मग बाहेर कितीही गर्दी असो, त्या रुग्णाला मी थोडा अधिक वेळ देतो.