किमतीसकट मेलेली माणसं

घोडागाडी बर्फातून वाट काढत निघाली आहे. वाटेत सोनेरी केसांचा एक माणूस ती थांबवतो, बर्फाखाली ठेवलेली प्रेतं उकरून काढतो आणि टपावर चढवतो. तो चोरूनमारून काहीच करत नाही. या मेलेल्यांच्या डोक्यावर इनाम लागलं होतं. थंडीत प्रेत नासत नाही, त्यामुळे सवडीने नेऊन दाखवलं तरी पैसे मिळतात. बोलणं सौम्य, हिशेब चोख. गाडीत नवा शेरीफ बसलेला आहे, पण याला अटक करायला त्याच्या हाती एकही कलम नाही.

सर्जिओ कोर्बुच्ची यांच्या ‘इल ग्रांदे सिलेन्झिओ’ (1968) या इटालियन वेस्टर्न चित्रपटातला हा लोको. भूमिका क्लाउस किन्स्कीची. 1964 साली सर्जिओ लिओने यांनी स्पेनमधल्या आल्मेरियाच्या रखरखाटात क्लिंट ईस्टवूडला उभं केलं आणि पुढच्या दहाएक वर्षांत इटलीत शेकडो वेस्टर्न निघाले. अनेकांचा साचा एकच: घरच्यांची हत्या, मोठा झालेला मुलगा, हिशेब चुकता. कोर्बुच्चींनी 1966च्या ‘जँगो’मध्ये वाळूच्या जागी चिखल आणला होता. इथे त्यांनी बर्फ आणला. कथा अमेरिकेतल्या युटाची, काळ एकोणिसाव्या शतकाची अखेर. चित्रीकरण मात्र कोर्तिना द’अम्पेझ्झोच्या आसपास, डोलोमाइट पर्वतात. गावातले काही प्रसंग रोमच्या एलिओस स्टुडिओत झाले आणि तिथे बर्फ म्हणून दाढीच्या साबणाचा फेस पसरला होता.

नायक सायलेन्स मुका आहे. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत आईबाप मारले गेले आणि त्याने साक्ष देऊ नये म्हणून त्याचा गळा चिरला गेला. ही भूमिका करणाऱ्या झाँ-लुई त्रँतिन्याँ यांना चित्रपटभर एकही संवाद नाही. हा माणूस कायदा पाळून सूड घेतो. समोरच्याला डिवचायचं, त्याने आधी पिस्तुलाला हात घातला की मगच गोळी झाडायची. म्हणजे ते स्वसंरक्षण ठरतं. शरण आलेल्याला तो मारत नाही, त्याचे अंगठे उडवतो, म्हणजे तो पुन्हा बंदूक धरणार नाही. लोकोने हा डाव ओळखला आहे. कितीही डिवचलं तरी तो पिस्तूल उपसत नाही. कायद्याची फट दोघांनाही ठाऊक आहे. फरक इतकाच, की कायदा लोकोच्या बाजूने लिहिलेला आहे.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते ‘गुन्हेगार’ कोण? उपासमारीने डोंगरात पळालेली माणसं. शेरीफला ती वाटेत अडवतात, पण त्याच्या पैशाला हात लावत नाहीत. त्यांना त्याचा घोडा हवा असतो, खायला. माझ्या मते हा चित्रपटातला सर्वांत सच्चा प्रसंग आहे. या फरारी लोकांपैकी एकाची विधवा, पॉलिन, नवऱ्याचा बदला घेण्यासाठी सायलेन्सला बोलावते. तिची भूमिका व्हॉनेटा मॅक्गी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली. तिचं आणि गोऱ्या नायकाचं प्रेम 1968 साली कसलीही सबब न देता पडद्यावर दाखवणं सोपं नव्हतं. त्या प्रसंगांत एन्निओ मोरिकोने यांचं संगीत फार हळुवार आहे.

शेवटी सायलेन्स मरतो, पॉलिन मरते, बांधून ठेवलेले फरारीही गोळ्यांना बळी पडतात. लोको सायलेन्सचं माउझर पिस्तूल उचलून निघून जातो. चे गेव्हारा आणि माल्कम एक्स यांच्या हत्या कोर्बुच्चींच्या मनात होत्या, असं सांगितलं जातं. निर्मात्यांना सुखान्त हवा होता, म्हणून कोर्बुच्चींनी तोही चित्रित केला. मूळ कथेत आधीच मेलेला शेरीफ त्यात जिवंत परततो. हा सुखान्त पाहिला की मूळ शेवट किती अटळ होता ते कळतं.

आपल्याकडे ‘शोले’चं (1975) उलट झालं. रमेश सिप्पींच्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार मारतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरला ते चाललं नाही, आणि ऐनवेळी पोलीस आणावे लागले. ठाकूरचा सूड कायद्याने थांबवला. सायलेन्सच्या गावात कायदाच मारेकऱ्याचे पैसे चुकते करतो.

‘इल ग्रांदे सिलेन्झिओ’नंतर कोर्बुच्ची मेक्सिकन क्रांतीच्या कथांकडे वळले. ‘कोम्पान्येरोस’मध्ये (1970) एकट्या सूडकऱ्याऐवजी बंड करून उठलेली माणसं आहेत.