सतत चलाचे समान सदस्यसंख्येच्या गटांत विभाजन : संगणकीय पद्धती व काही प्रश्न

प्रस्तावना :

सामाजिक शास्त्रांतील संशोधनात उत्पन्न, वय, जमीनधारणा, परीक्षेतील गुण यांसारख्या सतत चलांचे गट पाडण्याची प्रथा जुनी आहे. चतुर्थक, दशमक व शतमक ही विभाजनमूल्ये विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयातच हाताने काढावयास शिकतो. पुढे पीएच.डी.च्या प्रबंधात हेच काम एसपीएसएससारख्या संगणक प्रणालीवर क्षणार्धात होते व 'निम्न', 'मध्यम', 'उच्च' असे गट तयार होऊन हाती येतात. ते कोणत्या नियमाने पडले याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. वस्तुतः या नियमावर निष्कर्ष बदलू शकतात.

समान अंतर की समान संख्या ?

गट दोन प्रकारे पाडता येतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक वर्गाचे अंतर समान असते. दुसऱ्यात प्रत्येक गटातील सदस्यसंख्या समान असते. उत्पन्नासारख्या चलाचे वितरण एका बाजूस कललेले असते. त्यामुळे समान अंतराचे वर्ग केल्यास बहुतेक कुटुंबे पहिल्या एक-दोन वर्गांतच जमा होतात व शेवटचे वर्ग जवळजवळ रिकामे राहतात. ही अडचण टाळण्यासाठी समान संख्येचे गट स्वीकारले जातात.

याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होय. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणाऱ्या या सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीपासून (2005-06) घरातील वस्तू व घराची स्थिती यांवरून संपत्ती निर्देशांक काढला जातो. कुटुंबाचा गुणांक त्यातील प्रत्येक सदस्यास देऊन लोकसंख्या चढत्या क्रमाने लावली जाते व तिचे पाच समान भाग केले जातात. म्हणजे येथे समान आहे ती व्यक्तींची संख्या, कुटुंबांची नव्हे. शिवाय हे भाग संपूर्ण देशाच्या पातळीवर पाडलेले असल्याने महाराष्ट्रातील 20 टक्के लोक प्रत्येक भागात असतीलच असे नाही. एखाद्या जिल्ह्याची आकडेवारी घेऊन 'सर्वांत गरीब' गटात 20 टक्क्यांहून कमी लोक का, असा प्रश्न पडणाऱ्या संशोधकाने ही बाब लक्षात घ्यावी. नमुना भारित असेल तर गट पाडतानाही भार विचारात घ्यावे लागतात. प्रत्येक आज्ञा ते आपोआप घेत नाही.

संगणकीय कृती :

एसपीएसएसमध्ये दोन मार्ग आहेत. 'ट्रान्सफॉर्म' या सूचीतील 'रँक केसेस' निवडून 'रँक टाइप्स'मध्ये 'एनटाइल्स'पुढे गटांची संख्या लिहिणे हा पहिला. 'व्हिज्युअल बिनिंग'मध्ये शतमकांवर आधारित छेदबिंदू करवून घेणे हा दुसरा. एसएएसमध्ये 'प्रॉक रँक', स्टाटामध्ये 'एक्सटाइल' व आर या प्रणालीच्या 'डीप्लायर' संचात 'एनटाइल' ही आज्ञा हेच काम करते. कृती सोपी आहे. प्रश्न उद्भवतो तो समान मूल्यांचा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 12 उत्तरदात्यांचे मासिक उत्पन्न हजार रुपयांत असे आहे : 4, 5, 5, 6, 8, 8, 8, 8, 8, 10, 12, 20. प्रत्येकी चार जणांचे तीन गट हवे आहेत. पहिला छेद 6 व 8 यांच्या मध्ये सहज बसतो. दुसरा छेद मात्र आठव्या व नवव्या व्यक्तीच्या मध्ये, म्हणजे 8 हजार उत्पन्न असलेल्या पाच जणांच्या समूहातच पडतो.

एसपीएसएसमधील 'रँक केसेस' या पाचही जणांना सरासरी क्रमांक 7 देते व त्यांना एकत्रच दुसऱ्या गटात ठेवते. गट होतात 4, 5 व 3 असे. 'डीप्लायर'मधील 'एनटाइल' 4, 4 व 4 असे नेमके गट देते. परंतु त्यासाठी पाचांपैकी एकास तिसऱ्या गटात टाकते. कोणास, हे केवळ माहिती संचातील नोंदींच्या क्रमावर ठरते! 'व्हिज्युअल बिनिंग'मध्ये तर याहून विचित्र प्रकार घडू शकतो. तेथे छेदबिंदू सुमारे 6.67 व 8 असे येतात. वरची मर्यादा गटात समाविष्ट ठेवल्यास पुन्हा 4, 5 व 3 असे गट मिळतात. तीच मर्यादा वगळण्याचा पर्याय निवडल्यास मधल्या गटात एकही व्यक्ती उरत नाही व विभागणी 4, 0 व 8 अशी होते. आकडे तेच, छेदबिंदूही तेच. एका पर्यायाने आठ हजारवाले पाचही जण 'मध्यम'चे 'उच्च' झाले.

हे उदाहरण मुद्दाम रचलेले असले तरी प्रत्यक्ष क्षेत्रीय माहितीत अशी स्थिती अपवादात्मक नाही. उत्तरदाते उत्पन्न सांगताना पूर्ण हजारात सांगतात, वय सांगताना 40, 45, 50 असे सांगतात. चल तत्त्वतः सतत असला तरी नोंदलेली मूल्ये अशा ठराविक आकड्यांवर गोळा होतात. अशा वेळी समान उत्पन्नाच्या व्यक्तींना एकाच गटात ठेवून संख्येतील थोडी विषमता स्वीकारणे अधिक योग्य ठरते, कारण सारखे उत्पन्न असलेल्या दोघांपैकी एकास 'मध्यम' व दुसऱ्यास 'उच्च' म्हणण्यास कोणताही शास्त्रीय आधार देता येत नाही.

गट पाडण्याची किंमत :

सतत चलाचे गट केल्याने माहिती गमावली जाते, याकडे जेकब कोहेन यांनी 1983 मध्ये लक्ष वेधले होते. प्रसामान्य वितरण असलेला चल मध्यगेपाशी दोन भागांत तोडल्यास दुसऱ्या चलाशी असलेला त्याचा सहसंबंध मूळच्या सुमारे 80 टक्केच उरतो. गटांची संख्या वाढविल्यास ही हानी कमी होते. म्हणून सहसंबंध व प्रतिगमन यांसाठी मूळ चलच वापरावा आणि गटांचा उपयोग सारणी व वर्णन यांपुरता ठेवावा, हे इष्ट.

सारणीखाली छेदबिंदू, प्रत्येक गटातील प्रत्यक्ष संख्या, वापरलेली आज्ञा व समान मूल्यांविषयीचा नियम एवढ्या चार बाबी नोंदविण्यास दोन ओळी पुरतात. त्या नसल्यास एका प्रबंधातील 'निम्न उत्पन्न गट' व दुसऱ्या जिल्ह्यावरील प्रबंधातील 'निम्न उत्पन्न गट' यांची तुलना करता येत नाही; दोन्हींत तो नमुन्यातील खालचा एक तृतीयांश भाग असतो, आणि एका ठिकाणी त्याची वरची मर्यादा दुसऱ्या ठिकाणच्या दुप्पटही असू शकते.