कितीला ठरलं?

काष्टीच्या शनिवारच्या बाजारातून बैलजोडी घेऊन निघालं, की दौंड रस्त्याला लागेपर्यंत दहाजण तरी विचारतात, ‘कितीला घेतली?’ विचारणारा ओळखीचा असतोच असं नाही. त्याला संकोच वाटत नाही आणि सांगणाऱ्याला राग येत नाही. सौदा चालू असताना हेडी रुमालाखाली बोटं धरतात, आकडा तोंडातून काढत नाहीत. पण जोडी बाजाराबाहेर पडली की तो आकडा सगळ्यांचा होतो. पुढचं गिऱ्हाईक त्यावरूनच आपला अंदाज बांधतं.

वडिलांबरोबर हे बघत मी मोठा झालो. आणि २००९ मध्ये इंजिनिअर होऊन पहिल्या नोकरीचं पत्र हातात आलं तेव्हा मी कुणालाही काही विचारलं नाही.

ते वर्ष वाईट होतं. आदल्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली होती. कॅम्पसमध्ये निवड झालेली आमच्या वर्गातली कितीतरी मुलं जॉइनिंगच्या तारखेची वाट बघत घरी बसली होती. मला पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने महिना बारा हजार देऊ केले. पत्राच्या दुसऱ्या पानावर दोन वर्षांचा बॉन्ड होता, सोडल्यास एक लाख भरायचे होते आणि मूळ मार्कलिस्ट कंपनीकडे ठेवायच्या होत्या. वडील म्हणाले, ‘हातचं घालवू नको, सही करून टाक.’ बैल घेताना ते दात बघायचे, चालवून बघायचे, औताला धरून बघायचे, एखादी खोड लपवली आहे का ते दहा ठिकाणी विचारायचे. माझ्या पत्राचं दुसरं पान त्यांनी वाचलं नाही. मीही वाचलं नाही. अकरा महिन्यांनी जवळजवळ दुप्पट पगाराची नोकरी चालून आली आणि मार्कलिस्ट कपाटात अडकलेल्या. ती नोकरी गेली.

मुलांची पत्रं वाचून द्यायची सवय मला तेव्हापासून लागली. गेली सोळा वर्षं श्रीगोंद्याकडची, दौंडकडची मुलंमुली पत्र घेऊन येतात. आधी प्रिंट घेऊन यायची, आता मोबाईलवर पीडीएफ पाठवतात. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, त्याची फळं आमच्या भागात उशिरा पण भरपूर आली. आता काष्टीतच परिक्रमा संकुलात इंजिनिअरिंग आहे. डिग्री घरोघरी पोचली. डिग्रीचा भाव काय, हे मात्र पोचलं नाही.

कारण मधल्या काळात ‘पॅकेज’ हा शब्द आला. सोयरिकीत मुलाचं पॅकेज विचारतात आणि सांगणारा ते फुगवून सांगतो. बैलाची खरी किंमत रस्त्यावर मोकळेपणाने सांगणारं गाव पगाराच्या बाबतीत एकमेकांशी खोटं बोलू लागलं. त्यात नुकसान कुणाचं झालं असेल तर पुढच्या वर्षी पास होणाऱ्या मुलाचं.

पॅकेज म्हणजे काय, हे मी दर वेळी वहीच्या पानावर मांडून दाखवतो. धरा, पत्रात वर्षाला ३,६०,००० लिहिलंय आणि मूळ पगार महिना १५,००० आहे. मुलगा बाराने भागतो आणि तीस हजार धरून चालतो. त्यातले ३६,००० कामगिरीवर अवलंबून, वर्षअखेर मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे ८,६५८, आणि कायमच्या नोकरीत ती साधारण पाच वर्षं टिकलं तरच हातात. विम्याचा हप्ता समजा ६,०००. उरले २,८७,७४२, महिन्याला २३,९७८. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा. हातात बावीस हजाराला बावीस रुपये कमी. हिंजवडीजवळ कॉट बेसिसवर राहणं, मेस आणि प्रवास यातून काढा. आता रांजणगाव एमआयडीसीतल्या अठरा हजारांच्या नोकरीशी ताडून बघा, जिथे कंपनीची बस आणि कँटीन आहे. हे गणित बघून कितीतरी मुलं गप्प झालेली मी पाहिली आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आता नियुक्तीपत्र प्रत्येकाला द्यावं लागतं आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. पीएफ-ग्रॅच्युइटीसाठी हे चांगलं आहे. पण पत्र वाचायचं काम त्याने टळत नाही.

या सोळा वर्षांत भरतीची मोठी लाट आली ती कोविडनंतर, २०२१-२२ मध्ये. मुलांच्या हातात दोन-दोन, तीन-तीन पत्रं होती. लाट ओसरली तशी पत्रांची किंमतही ओसरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाख देऊ केलेल्या नवपदवीधरांना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं, ही बातमी देशभर गाजली. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका मुलाच्या घरी पत्र आलं त्या दिवशी पेढे वाटले होते. दुसऱ्या एका कंपनीचं ते पत्र. चौदा महिने जॉइनिंगची तारीख आली नाही. त्याच्या भरवशावर त्याने हातातली दोन पत्रं नाकारली होती. बाजारात इसार दिल्याशिवाय जनावर कुणी अडवून ठेवत नाही. इथे पोरगा काहीही न घेता अडकून बसला. तेव्हापासून मी सांगतो, रुजू होईपर्यंत दुसरं दार लावून घेऊ नका.

बॉन्डबद्दल आमच्याकडे एक समज पक्का आहे, की कोर्टात त्याला किंमत नाही. मीही काही वर्षं असंच सांगत होतो, ते चुकलं. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध धरली. ती सरकारी बँक, तिचा भरतीचा खर्च, रक्कम वाजवी आहे का, हे सगळं न्यायालयाने पाहिलं. म्हणजे प्रत्येक बॉन्ड टिकेल असं नाही, पण फुंकून टाकावा असा कागदही तो नाही. सहीच्या आधी त्यावर बोलता येतं. नंतर येत नाही.

आणि बोलता येतं हेच आमच्या मुलांना खरं वाटत नाही. मोठ्या आयटी कंपनीत एका लॉटमध्ये हजारो मुलं घेतात, तिथे आकडा हलत नाही हे खरं. पण गाव, शिफ्ट, बस, तारीख, बॉन्डची मुदत यावर एका सभ्य मेलने विचारलं म्हणून कुणी पत्र परत मागितल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी एमएस्सी झालेली एक मुलगी आली. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये निवड झाली होती, तीन वर्षांचा बॉन्ड. आई म्हणत होती, ‘अगं, मिळालीय तर काही बोलू नको, त्यांना राग येईल.’ आम्ही ओसरीवर बसून चार ओळी लिहिल्या. काम आवडलं आहे, यायचं आहे, पुण्याहून दुसरं पत्र आहे (ते खरंच होतं), पगारात दोन हजार वाढ, बॉन्ड एक वर्षाचा आणि दौंडहून बस मिळाली तर लगेच रुजू होते. पाठवायचं बटण दाबताना तिचा हात थांबला. मग तिने डोळे मिटून दाबलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पगार वाढला नाही. बॉन्ड दीड वर्षाचा झाला, बस मिळाली. तिच्या वडिलांनी विचारलं, बस दौंडहून किती वाजता सुटते, मला गाडीवर सोडायला जावं लागेल. तिने वेळ सांगितली आणि मोबाईल काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, हातात किती येणार आणि काय काय मागितलं होतं. थोड्या वेळाने तिथे दुसऱ्या एकीने आपला आकडा टाकला.