जुन्या ट्रकला विजेचा डिझेल पंप

पिकलेले सीताफळ फार दिवस टिकत नाही. लिंबागणेशसारख्या बालाघाटावरील गावातून माल नेताना ट्रक चढणीवर बंद पडल्यास शेतकऱ्याचे नुकसान होते. जुन्या डिझेल ट्रकमध्ये इंजिनावरील फीड पंप टाकीतील डिझेल ओढून घेतो. तो झिजल्यास अथवा नळीत हवा शिरल्यास इंजिन गचके खाते.

त्याऐवजी टाकीजवळ खालच्या पातळीवर विजेचा पंप बसविता येतो. तो डिझेल पुढे ढकलतो, म्हणून नळी हवा ओढीत नाही. पंपाचा दाब इंजिनास योग्य तेवढाच असावा. कामापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी. जुन्या पंपाची जागा पट्टी व गॅस्केट लावून बंद करावी. अन्यथा तेथून इंजिनातील तेल गळते. बॅटरीलगत फ्यूज घालावा व शेवटी नळीतील हवा काढावी.

तेलदाबाचा स्विच मात्र कधीही वगळू नये. इंजिन थांबताच तेलाचा दाब उतरतो आणि हा स्विच पंपाची वीज तोडतो. तो नसल्यास अपघातात नळी तुटल्यावरही पंप डिझेल ओततच राहतो व तापलेल्या इंजिनावर आग भडकू शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.