आवणीच्या आधीच चालायला लागा

शहापूर-मुरबाडकडे एक समजूत पक्की आहे. आपण शेतात राबणारी माणसं, आपल्याला कसला हृदयविकार? आजोबांच्या पिढीबद्दल कुणी असं म्हटलं, तर समजण्यासारखं होतं. आज त्याच घरातला कर्ता माणूस पहाटे आसनगाव किंवा खर्डीला लोकल पकडतो. गाडीत बसतो, कामावर खुर्चीत बसतो, रात्री बसूनच परत येतो. मुरबाडला रेल्वे नाही, तिथली मंडळी एसटीने नाहीतर मोटारसायकलने कल्याण गाठतात. स्टेशन किंवा स्टँडपासून घरापर्यंत पूर्वी चालत जायचे, तेवढंही अंतर आता रिक्षाने जातात.

मग जुलै उजाडतो आणि आवणीसाठी चार दिवसांची रजा टाकली जाते. गुडघाभर चिखल, दिवसभर कंबरेत वाकणं, रोपांच्या ओल्या मुठी वाहणं. अकरा महिने बसलेल्या शरीराकडून हे सगळं एकदम करून घ्यायचं. सवय नसताना जोराचं काम केलं की नाडी आणि रक्तदाब झपाट्याने चढतात. हृदयाच्या धमनीत चरबीचा थर साचलेला असेल, तर तो फाटून तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते. वर्षभर अंग हलतं ठेवणाऱ्याला हा धोका बराच कमी असतो.

बसून राहण्याचा आणि हृदयाचा संबंध एसटीच्या प्रवाशाला चटकन कळेल असा आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये जास्त. बस एकच, मार्गही एकच.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. एप्रिलअखेरीस रोज १० मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. मृग लागेपर्यंत अर्धा तास सहज जमू लागेल. हायवेच्या कडेने चालू नका. शाळेचं मैदान, धरणाकडचा आतला रस्ता, विहाराचं आवार चांगलं. रविवारच्या वंदनेनंतर पाच-सहा जणांनी मिळून निघावं, एकट्याचा नेम टिकत नाही. चंक्रमण आपल्याला नवीन नाही. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. निरोगी राहणं आणि अन्न नीट पचणं त्यातच येतात.

डोक्यावर हंडा घेऊन दिवसाला चार खेपा करणाऱ्या बाईला मात्र कुणी व्यायाम शिकवायला जाऊ नये. तिला विश्रांती हवी आणि घरात कुणीतरी दुसरी खेप उचलायला हवी. तो व्यायाम नवऱ्याला चालेल.

चालणाऱ्याने तंबाखू, मिश्री, विडी चालू ठेवली तर फायद्यातला बराच भाग वाया जातो. ३० वर्षांवरील प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, ही तपासणी मोफत असते. आधीच रक्तदाब, मधुमेह किंवा छातीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच चालायला लागावं.

शेतात काम करताना छातीवर दाब आला, दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे सरकलं, घाम फुटला, धाप लागली, तर काम तिथेच सोडा. बायकांमध्ये कधी नुसती मळमळ आणि थकवाच असतो. पित्त समजून सोडा पिऊन थांबू नका. बांधावर सावलीत बसवा, चालवू नका आणि लगेच १०८ ला फोन करा.