क्रोशाची खूण : उंदीरमामा पुस्तकाच्या राखणीला

शाळेच्या ग्रंथपेटीतील पुस्तके वर्षअखेरीस हाती घेऊन पाहिली असता बहुतेकांचे कोपरे दुमडलेले आढळतात. दुमड पडते तेथे कागदाचे तंतू मोडतात व वारंवार दुमडलेला कोपरा गळून पडू शकतो. खूण म्हणून पेन्सिल घालून पुस्तक मिटल्यास बांधणी उसवते. हे नुकसान डोळ्यांना दिसते; दुसरे दिसत नाही. अडखळत वाचणारे मूल कालचे पान सापडले नाही, म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करते आणि दोनचार दिवसांनी पुस्तकच बाजूस ठेवते. अशा मुलास आपण कोठवर आलो हे सांगणारी खूण हवी असते. ती त्याने स्वतःच्या हातांनी केलेली असल्यास तिचे मोल अधिक.

हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे माध्यम असावे, हा विचार १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडला. क्रोशाकाम या दृष्टीने सोयीचे आहे. सुई एकच, दोरा थोडा, आणि चुकल्यास उसवून तोच दोरा पुन्हा वापरता येतो. महाराष्ट्रात तोरणे, रुमाल व रुखवतातील वस्तू यांमुळे ही कला घरोघरी परिचित आहे. ती मुलींपुरतीच मानण्याचे मात्र कारण नाही. मुलगे व मुली यांना ती एकत्रच शिकवावी.

साहित्य

मध्यम जाडीचा सुती दोरा सातआठ मीटर, अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई, बोथट टोकाची शिवणसुई, कात्री व काळा दोरा. इयत्ता चौथी-पाचवीच्या आठदहा मुलांचा गट एका वेळी घ्यावा.

टाके

सरकफास करून सुईने दोरा ओढत गेल्यास साखळी होते. सुई टाक्यात घालून दोरा ओढला, की सुईवर दोन फासे होतात. पुन्हा दोरा घेऊन तो दोहोंतून एकदम काढला, म्हणजे मुका खांब झाला. कानांसाठी खांब लागतो. त्यात आधी सुईवर एक वेढा घेऊन मग दोरा ओढावा आणि झालेले तीन फासे दोनदोन करून सोडवावेत.

कृती

नाकापासून आरंभ करावा. दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत दोन मुके खांब विणावेत. ही पहिली ओळ. प्रत्येक ओळीअखेर एक साखळी घालून काम उलटावे. ही साखळी टाक्यांत मोजू नये. दुसऱ्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंत शेवटच्या टाक्यात दोन मुके खांब विणावेत. अशा रीतीने टाके ३, ४, ५, ६ व ७ होत जातात. सातवी ओळ ७ टाक्यांचीच ठेवावी.

आठव्या ओळीत ४ मुके खांब झाल्यावर शेपटीसाठी साखळी विणत जावे. ती पुस्तकाच्या पानाच्या उंचीपेक्षा दोन बोटे अधिक झाली, म्हणजे शेवटची साखळी सोडून परत फिरावे. प्रत्येक साखळीत सुई घालून दोरा ओढावा व तो सुईवरील फाशातूनही सरळ बाहेर काढावा. शरीराशी पोहोचल्यावर उरलेले ३ मुके खांब पुरे करून दोरा तोडावा.

चौथ्या ओळीच्या दोन्ही कडांस कान करावेत. कडेला दोरा जोडून ३ साखळ्या, त्याच जागी ४ खांब, पुन्हा ३ साखळ्या घालून तेथेच दोरा अडकवावा. तिसऱ्या ओळीवर काळ्या दोऱ्याने डोळे भरावेत. मणी लावू नयेत. ते पानावर वळ उठवतात, व लहान भावंडांच्या तोंडात जाण्याचा धोका असतो. शेवटी ओलसर कापडाखाली ठेवून वर जड पुस्तक दडपावे. शेपटी पानांत व उंदीर पुस्तकाबाहेर, असे खुणेचे स्वरूप असते.

शिकविताना

मुलांची नेहमीची चूक म्हणजे ओळीतील शेवटचा टाका सुटणे. त्यामुळे कड तिरपी होते. ओळ संपताच टाके मोजण्याची सवय लावल्यास चूक तेथेच सापडते व गणिताचाही अभ्यास होतो. आठ ओळींतील मुक्या खांबांची बेरीज किती, हे मुलांनी आधी काढावे व मग विणून पडताळावे. उत्तर ४१ येते. डावखुऱ्या मुलास उजव्या हाताची सक्ती करू नये. त्यास शिक्षकांसमोर बसवावे, म्हणजे आरशात पाहिल्याप्रमाणे तो कृती उचलतो. कोणाचा उंदीर वाकडा झाला, तरी शिक्षकांनी तो स्वतः नीट करून देऊ नये. वाकडा असला तरी तो त्या मुलाचा असतो.

खुणा तयार झाल्यावर प्रत्येकास ग्रंथपेटीतील एक पुस्तक द्यावे. आठवड्याने पुस्तके पाहताना उंदीर कोठवर सरकला, हे शिक्षकांच्या सहज ध्यानी येते. जो जागचा हललेला नाही, त्याच्या धन्याजवळ घटकाभर बसून एक पान त्याच्याबरोबर वाचावे. पुस्तके कुरतडणारा प्राणी म्हणून ज्याची ख्याती, तोच येथे पुस्तकाचा राखणदार होतो, ही गंमत मुलांस फार आवडते. आणि राखणदार आपलाच असल्यामुळे कोपरा दुमडण्यास हात सहसा धजत नाही.